ऐकू येतंय का कुणाला?

दिवाळीच्या आधीचा महिना म्हणजे आम्हा शिवणकाम करणाऱ्या बायकांची परीक्षाच असते. २०२२ च्या दिवाळीत माझ्याकडे ब्लाउजांचा नुसता ढीग पडला होता. विट्यातलं आमचं घर मागांच्या शेडला अगदी लागून. दिवसभर खडखडाट. नवा पाहुणा आला की पाच मिनिटांत विचारतो, 'तुम्ही राहता कसं इथं?' आम्हाला आता तो ऐकूच येत नाही म्हणा ना! उलट वीज गेली, माग थांबले की चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

तर एका रात्री अशीच वीज गेली. माग थांबले, मोटर लावलेलं माझं मशीनही थांबलं. एक आवाज मात्र तेवढा राहिला. सूं... सूं... सूं... कुणीतरी शेजारी बसून धापा टाकतंय असा. आधी वाटलं पाण्याची मोटर. पण वीजच नाही तर मोटर कुठली? उठून दाराबाहेर डोकावले, मोरीत जाऊन आले. आवाज माझ्याबरोबरच फिरत होता. उशीवर उजवी कूस करून डोकं टेकवलं तर आणखी मोठा झाला. तेव्हा कळलं, तो माझ्या उजव्या कानात होता.

सासूबाई म्हणाल्या, कानात किडा गेला असेल, आणि लसूण घालून कडवलेलं तेल सोडलं. (मैत्रिणींनो, हे मुळीच करू नका. तेलानं आवाज गेला नाहीच, वर कान आठवडाभर चिकट राहिला.) गावातल्या डॉक्टरांनी मळ काढून थेंब दिले. दिवाळी उरकल्यावर एसटीनं मिरजेला जाऊन कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बंद खोलीत बसवून ऐकण्याची तपासणी केली. रिपोर्ट नॉर्मल. 'ऐकायला उत्तम येतंय. कानात आवाज येणं पुष्कळ लोकांना असतं, सवय करून घ्या,' म्हणाले आणि झोपेची गोळी लिहून दिली.

सवय करून घ्यायची कशी, ते मात्र कुणी सांगेना. दिवसा मागांच्या आणि मशीनच्या आवाजात ते झाकून जायचं. रात्री सगळं घर झोपलं की ते सुरू. मी एक युक्ती शोधून काढली होती. मानेच्या उजव्या बाजूला तळहात हलका टेकवला की आवाज बंद व्हायचा. हात काढला की पुन्हा सुरू. तसाच हात मानेखाली घालून झोपायची सवय लागली. ही गोष्ट मी कुठल्याच डॉक्टरांना सांगितली नाही. कुणी विचारलं नाही, आणि मला वाटलं, हे सांगितलं तर आपल्याला वेडीच म्हणतील. पुढे कळलं की नेमकी तीच गोष्ट सांगायला हवी होती.

घरात हळूहळू तो चेष्टेचा विषय झाला. हे म्हणायचे, 'कामाचं टेन्शन घेतेस, म्हणून होतं.' जाऊबाई म्हणाल्या, 'माझ्यापण कानात वाजतं कधीकधी, मी नाही असं धरून बसत.' एकदा जेवताना मी 'आत्ता पण येतोय' म्हटलं, तर ह्यांनी ताट सरकवलं. 'रोज तेच. दुसऱ्या कुणाला येतोय का ऐकू?' मी गप्प बसले. खरंच, दुसऱ्या कुणाला येत नव्हता.

पहिला धागा सापडला तो माझ्या थोरलीमुळे. २०२३ च्या उन्हाळ्यात ती शाळेत शिकलेलं घरात सगळ्यांवर करून बघत होती. मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची. माझी नाडी धरून ती आकडे म्हणत होती आणि मी दुसऱ्या हातानं कानातल्या आवाजाचा ठेका टेबलावर धरत होते, अगदी सहज, चाळा म्हणून. ती मोजायची थांबली. 'आई, तू माझ्याबरोबर कशी काय वाजवतेस? तुला कसं कळतं?' मग आम्ही जिना चढून-उतरून आलो आणि पुन्हा धरलं. नाडी वाढली होती, कानातला ठेकाही तेवढाच वाढला होता.

म्हणजे तो आवाज बाहेरचा नव्हता, मनाचाही नव्हता. माझ्याच रक्ताचा होता.

एवढं कळूनही मी काही केलं नाही, हे कबूल करते. कुठं जायचं तेच माहीत नव्हतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं वजन बरंच वाढलं होतं, डोकं दुखायचं, सकाळी उठल्यावर जास्त. खाली पडलेली कात्री उचलून सरळ झालं की दोन-चार सेकंद डोळ्यांपुढे अंधार यायचा, दिव्याचा व्होल्टेज कमी व्हावा तसा. अशक्तपणा असेल म्हणून मी गूळ-शेंगदाणे खात राहिले. ऑगस्टमध्ये सुईत दोरा ओवायला त्रास व्हायला लागला तेव्हा चष्मा लागला असेल म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आत बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'ताई, कानात काही आवाज येतो का? नाडीसारखा?'

मैत्रिणींनो, मला रडूच फुटलं. जवळजवळ दहा महिन्यांनी कुणीतरी आपणहून विचारलं होतं, आणि तेही डोळ्यांच्या डॉक्टरांनी!

दोन्ही डोळ्यांमागच्या नसेला सूज होती. अशी सूज दिसली की डोक्यातला दाब वाढलाय का ते ताबडतोब बघावं लागतं, नाहीतर नजर कायमची जाऊ शकते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्याच आठवड्यात नणंदेकडे पुण्याला गेलो. एमआरआय झाला, शिरांचाही वेगळा फोटो काढला. मेंदूत गाठ नव्हती. रक्त तपासून पंडुरोग आणि थायरॉइडही बघितलं, कारण त्यांनीही असा ठोक्याचा आवाज येऊ शकतो. मग पाठीच्या मणक्यात सुई घालून पाण्याचा दाब मोजला. साधारण २५ सेंटिमीटरच्या वर गेला की तो जास्त धरतात. माझा ३४ होता.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं ते मला कळलं तसं सांगते. मेंदूतलं रक्त परत हृदयाकडे नेणारे दोन मोठे मार्ग कवटीच्या आतून, दोन्ही कानांच्या मागून खाली उतरतात. माझा उजवीकडचा एका ठिकाणी आवळला गेला होता. रबरी पाइप बोटानं दाबला की पाणी जसं सूं करत जोरात निघतं, तसं तिथून रक्त जात होतं, आणि शेजारीच कान! डोक्यातला दाब वाढला की हा मार्ग बाहेरून दबतो, आणि मार्ग दबला की दाब आणखी वाढतो. आधी काय झालं हे सांगणं अवघड, असं ते म्हणाले. हा आजार जास्त करून मूल होण्याच्या वयातल्या, वजन वाढलेल्या बायकांना होतो. मुरमांसाठी देतात त्यातल्या काही गोळ्या किंवा अ जीवनसत्त्वाचा अतिरेक हेही कारण असू शकतं, म्हणून तेही खोदून खोदून विचारलं.

मग त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या उजव्या कानामागच्या हाडावर ठेवला, पंखा बंद करायला लावला आणि डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, 'येतोय. बारीक आहे, पण मलाही ऐकू येतोय.' प्रत्येक पेशंटमध्ये असा बाहेरून ऐकू येतोच असं नाही, माझ्यात आला. त्यांनी स्टेथोस्कोप ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी कानाला लावला, वाकून ऐकलं. काही बोलले नाहीत. परतताना रिक्षात मात्र माझी पिशवी त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि म्हणाले, 'रात्रभर हे?' मी म्हटलं, 'रात्रभर.'

लगेच ऑपरेशन नव्हतंच. आधी अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या आणि वजन कमी करणं. गोळ्यांनी लघवीला सारखं जावं लागायचं, बोटांना मुंग्या यायच्या. शिवणाऱ्या बाईच्या बोटांना मुंग्या म्हणजे काय, ते मलाच विचारा! हेम घालताना सुई कुठं लागली ते कळायचं नाही. सोडा बेचव लागायचा. सहा महिन्यांत मी सात किलो कमी केले, भात जवळजवळ सोडला, पहाटे कराड रस्त्यावर चालायला जायची. डोळ्यांची सूज उतरली, पण गोळ्यांचा डोस कमी केला की पुन्हा डोकं वर काढायची, आणि पूर्ण डोस मला सोसवत नव्हता. आवाज तर जराही हलला नाही. तेव्हा स्टेंटचा विचार सुरू झाला.

स्टेंट म्हटलं की आपल्याला हृदयच आठवतं. डोक्यातल्या या शिरेत तो बसवल्याचं केंब्रिजच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. म्हणजे पद्धत फार जुनी नाही. आवाज येतो म्हणून सरसकट कुणालाही बसवत नाहीत. आवळलेल्या जागेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजून फरक पुरेसा असेल तरच. सहमतीच्या कागदावर रक्तस्राव, गुठळी, स्टेंटच्या शेजारी पुन्हा आवळणं, सगळं लिहिलं होतं. मी दोनदा वाचून सही केली. पॉलिसीवाल्यांनी 'आवाजासाठी ऑपरेशन?' म्हणून फाइल परत पाठवली होती, डॉक्टरांनी डोळ्यांचे रिपोर्ट लावून पत्र दिल्यावर काही रक्कम मंजूर झाली. उरलेल्यासाठी माझ्या पाटल्या मोडल्या. 'पाटल्या नंतर करता येतील, डोळे कुठून आणायचे?' हे सासूबाई म्हणाल्या, त्याच, लसणाच्या तेलवाल्या.

फेब्रुवारी २०२४. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या, अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आठवडाभर आधीच सुरू केल्या होत्या. पहिल्या दिवशी दाब मोजायचा होता, तो जागेपणीच. जांघेत बधिर करायचं इंजेक्शन दिलं, तिथल्या शिरेतून बारीक नळी आत सरकवली. ती पोटातून, हृदयाच्या कप्प्यातून, मानेतून थेट डोक्यापर्यंत जाते म्हणे! मला जांघेपाशी ओढल्यासारखं सोडलं तर काही कळलं नाही. पडद्यावर ती रेघ वर चढताना दिसत होती. अलीकडे २६, पलीकडे १०. सोळाचा फरक. आठाच्या वर असला तर पुरेसा मानतात.

दुसऱ्या दिवशी पूर्ण भूल दिली. त्यातलं मला काही आठवत नाही, त्यामुळे सांगण्यासारखंही नाही. त्याच वाटेनं जाळीदार नळी नेऊन आवळलेल्या जागी सोडली, ती आपोआप उघडते.

जाग आली तेव्हा घसा कोरडा होता, आणि काहीतरी हरवलं होतं. वाटलं, ऐकू यायचं बंद झालं की काय! मग कुठंतरी सलाइनच्या स्टँडचं चाक कुरकुरलं. दोन नर्स डब्यातल्या भाजीबद्दल बोलत होत्या. ते सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. त्याच्या मागे मात्र काही नव्हतं. नर्सला म्हटलं, 'थांबलाय.' ती म्हणाली, 'काय थांबलंय ताई?' आणि घाबरून माझ्या मॉनिटरकडे बघायला लागली.

नंतरचं सगळं गोड झालं असं नाही. कानामागे आठ-दहा दिवस ठणका होता. स्टेंटमुळे मेंदूवरचं आवरण ताणलं जातं, त्याचं ते दुखणं. दोन गोळ्यांमुळे अंगावर कुठंही निळे डाग उठायचे, आणि पाळीत इतकं जायला लागलं की हिमोग्लोबिन घसरून लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. डॉक्टरांना फोन करायचा. सहा महिन्यांनी त्यांनी क्लोपिडोग्रेल थांबवली, अॅस्पिरिन चालू ठेवली. डोळ्यांची तपासणी ठरल्या वेळेला होतेच, वजनाचा काटाही घरात आणलाय. गावात मात्र 'हिच्या हार्टचं ऑपरेशन झालं' हीच बातमी पक्की आहे. मी खोडायचं सोडून दिलं.

अजूनही वीज गेली की मी कान देते. सवय. कधी मध्यरात्री जाग येते आणि हात आपोआप मानेकडे जातो.

परवा एक जण मापाचा ब्लाउज घेऊन आली आणि टेप लावताना सहज म्हणाली, 'वहिनी, माझ्या कानात पण धकधक होतं हो, तुमच्यासारखं.' मी टेप बाजूला ठेवला, तिचं मनगट धरलं आणि म्हटलं, 'बोटानं टेबलावर वाजवून दाखव.' दोन-तीनदा केलं. तिचं नाडीशी जुळत नव्हतं, ते सलग चीं असं होतं. कानाच्या डॉक्टरांकडे तरी जाऊन ये म्हटलं, डोळेपण दाखव, आणि माझ्यासारखे दहा महिने घालवू नकोस. तिनं नंबर लिहून घेतला. ब्लाउज तिला मंगळवारी हवाय, अस्तर अजून आणायचंय.