दौंडला किती सोडलंय?

उजनी धरणाच्या पाणलोटातल्या मासेमाराला पावसाळ्यात हवामानाचं विचारा, तो आभाळाकडे बघणार नाही. उलट तुम्हालाच विचारेल, ‘दौंडला किती सोडलंय?’ दौंडचा विसर्ग म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या धरणांतून आणि नद्यांतून भीमेत आलेलं पाणी. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला 600 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचाही मोठा भरवसा उत्तरा-हस्तावर, परतीच्या पावसावर. एवढ्यावर उजनी भरणार नाही. ती भरते भीमाशंकरच्या डोंगरावर आणि मुळा-मुठेच्या खोऱ्यात कोसळलेल्या पावसावर. करमाळ्यात फुफाटा उडत असताना होडीखालचं पाणी हातभर चढलेलं असतं, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. त्यातले 63 टीएमसीहून अधिक पाणी सरकारी भाषेत ‘मृत’. म्हणूनच ‘धरण मायनसमध्ये गेलं’ हे वाक्य इथल्या उन्हाळ्यात रोज कानावर येतं. माशाला विचाराल तर त्याचा खरा जिवंत साठा हाच. कालवे बंद पडल्यावर मासळी टिकून राहते ती या मृत पाण्यावर. पाणी आटत जातं, मासा एका जागी गोळा होतो आणि जाळं जड येतं. बाहेरच्याला वाटतं सुगी आली. पण याच दिवसांत बारीक आसाची जाळी लागली की बोटाएवढी पिल्लंसुद्धा निघतात. पुढच्या वर्षीची मासळी अशी उन्हाळ्यातच संपते, आणि मग पावसाला दोष देऊन भागत नाही.

उन्हाचा दुसरा मार दिसत नाही. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, तापलेल्या पाण्यात कमी. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना साडेसात. पाणी तापलं की माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात, म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा आटतो. त्यात पुणे-पिंपरीचं सांडपाणी घेऊन आलेल्या या पाण्यावर शेवाळाचा हिरवा तवंग धरतो. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं. सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. रात्रभर आभाळ भरून वारा पडलेला असेल, तर झुंजूमुंजू होताना कडेचं पाणी नीट बघा. पाऊस नसताना पृष्ठभागावर थेंब पडल्यासारखी वर्तुळं उठत असतात. मासे तोंड वर काढून पाण्याचा वरचा पापुद्रा ओढत असतात. नवख्याला वाटतं, मासा खेळतोय. शेततळ्यात मासे सोडणारा जाणता शेतकरी अशा दिवशी खाद्य बंद ठेवतो आणि मोटार लावून पाणी उंचावरून पाडतो.

वळवाचा पाऊस सगळ्यांना हवा, तळ्यातल्या माशाला तो कधीकधी महागात पडतो. मे महिन्यात वरचं पाणी कढत आणि तळाचं गार, कुजकट असे दोन थर झालेले असतात. वादळ आलं, गार पाऊस झोडपून गेला की ते घुसळतात, तळातलं वर येतं आणि दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी पोटं लागतात. ही गत लहान तळ्यांची. उजनीसारख्या अवाढव्य पाण्यावर भीती वाऱ्याची. 21 मे 2024 ला संध्याकाळी करमाळ्यातल्या कुगावहून इंदापुरातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जण बुडाले. या पात्राला समुद्रासारखी लाट येते हे काठावरच्यांना ठाऊक असतं. पण पलीकडे जायला रस्त्यानं मोठा वळसा पडतो.

कटला, रोहू, मृगळ यांना अंडी घालायला पावसाचं वाहतं, गढूळ नवं पाणी लागतं. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, विणीला येत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुळ इथं हिरालाल चौधुरी यांनी माशाच्याच पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून ही अडचण सोडवली, एका अर्थी पाऊसच सुईत भरला. तरी सोडलेल्या बोटुकलीला तगायला पाणी हवंच. चिलापीचं तसं नाही. ती साचल्या पाण्यात, वर्षातून कित्येकदा विते, पिल्लं तोंडात सांभाळते, कमी प्राणवायूही सोसते. जपते ती फक्त थंडीला. डिसेंबर-जानेवारीत पाणी गारठलं की खाणं कमी करून सुस्तावते. उजनीकाठच्या भिगवणच्या ताटात तळलेली चिलापी का आली आणि वाम, मरळ, शिंगटा क्वचितचे का झाले, याला सांडपाणी आणि जाळी कारण आहेतच. पण दुष्काळी मुलखात पावसाची वाट न पाहणारा मासाच पुढे जाणार, हेही खरं. मला स्वतःला मरळच आवडते, तेव्हा हे तक्रारीच्या सुरात वाचलं तरी चालेल.

2023 ला उजनी अर्धीमुर्धीच भरली. 2024 च्या जूनपर्यंत साठा उणे 60 टक्क्यांच्या घरात गेला. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं, लोक पायी दर्शनाला गेले. मग घाटात पाऊस लागला, दौंडचा विसर्ग वाढत गेला आणि ऑगस्टमध्ये धरण भरलं. मंदिर पुन्हा पाण्यात गेलं. सोलापूरला पिण्याची आणि उसाला पाण्याची ददात मिटली. मासेमारांना मात्र भरल्या धरणात लगेच काही लागत नाही. मासा मैलोगणती पांगतो, नव्या बुडीत शिवारातल्या काटेरी झुडपांत जाळी अडकून फाटतात, वरून जलपर्णीचे भारे येतात. अशा सकाळी होडीत मासळीपेक्षा जलपर्णीच जास्त असते, आणि काठावर बसून माणसं जाळ्याची भोकं सांधत असतात.