रिपोर्ट उद्या मिळेल

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात एका स्त्रीच्या मेंदूचा सी.टी. स्कॅन झाला. रुग्णावर झालेला हा पहिला सी.टी. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या त्या यंत्राला एकेका छेदासाठी काही मिनिटे लागत. रुग्णालयात संगणक नव्हता, म्हणून मोजमापांची चुंबकीय फीत दुसरीकडे नेऊन चित्र तयार करावे लागे. तेव्हा माणूस यंत्रासाठी थांबत होता. आज छातीचा स्कॅन काही सेकंदांत होतो, चित्रे लगेच पडद्यावर येतात, आणि तरी खिडकीमागचा माणूस सांगतो, ‘रिपोर्ट उद्या संध्याकाळी.’

मधला वेळ जातो वाचनात. एका स्कॅनमध्ये आता शेकडो चित्रे असतात. फुप्फुसासाठी एका छटेत, हाडांसाठी दुसऱ्या, असे रेडिओलॉजिस्ट ती पुन्हापुन्हा पाहतो, गाठ असेल तर मोजतो, जुन्या फिल्मशी ताडतो, मग मजकूर सांगतो. तो टाइप होतो, तपासला जातो, त्यावर सही होते. शिकवणाऱ्या रुग्णालयात आधी निवासी डॉक्टर वाचतो, मग वरिष्ठ. यंत्राचा वेग कित्येक पटींनी वाढला, डोळ्यांचा वाढला नाही. त्यामुळे यंत्र जितके चपळ, तितका वाचणाऱ्याच्या टेबलावरचा ढीग मोठा. ‘अत्याधुनिक मशीन’च्या जाहिरातीत हे कुणी छापत नाही.

हा ढीग आलेल्या क्रमाने उपसला जात नाही. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे सी.टी.वर पाहावे लागते. असा स्कॅन मिनिटांत वाचला जातो. अपघातातला रुग्णही पुढे जातो. सहा महिन्यांनी नियमित तपासणीला आलेला मागे सरकतो.

बाकावर बसलेल्यांचा हिशेब मात्र वेगळा असतो. ‘एवढा उशीर लागला म्हणजे काहीतरी सापडलंय.’ खरे तर जिवावर बेतणारे काही दिसले, तर रेडिओलॉजिस्टने रिपोर्टची वाट न पाहता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा, अशी रीत आहे. एखादा स्कॅन सहकाऱ्याला दाखवण्यासाठी बाजूला राहतो, हे खरे. पण बहुतेक वेळा उशीर रांगेबद्दल सांगतो, शरीराबद्दल नाही. टेक्निशियनच्या चेहऱ्याचेही तेच. निदान सांगणे त्याचे काम नाही, म्हणून तो सगळ्यांशीच गप्प असतो.

अमेरिकेत एप्रिल २०२१ पासून रिपोर्ट रुग्णापासून अडवून ठेवायला सहसा मनाई आहे. डॉक्टरांच्या आधी तो रुग्णाच्या मोबाइलवर पोहोचू शकतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, असे निकाल वाचणाऱ्या ८,००० हून अधिक जणांपैकी सुमारे ९६ टक्क्यांनी हीच पद्धत हवी असे सांगितले. मला गंमत वाटली. आपल्याकडे मोठे पाकीट पहिल्यापासून रुग्णाच्याच हातात पडते आणि रिक्षात बसायच्या आत उघडले जाते.

उघडल्यावर नजर जाते शेवटच्या ‘इम्प्रेशन’वर, आणि तिथे दुसरी प्रतीक्षा सुरू होते: समजण्याची. ‘अनरिमार्केबल’ म्हणजे नोंदवण्यासारखे काही नाही, ही चांगली बातमी. ‘लीजन’ म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळा दिसणारा कुठलाही भाग. जुना व्रणही त्यात आला. तो कर्करोगाचा पर्याय नव्हे. ‘क्लिनिकली कोरिलेट’ ही टाळाटाळ नाही. रुग्णाला तपासणाऱ्याने चित्र आणि लक्षणे जुळवून पाहावीत, एवढाच निरोप. पण ‘लीजन’ शनिवारी संध्याकाळी हातात पडले आणि डॉक्टर सोमवारी भेटणार असतील, तर मधल्या दोन रात्री कोणत्याच नोंदवहीत येत नाहीत. स्कॅनची वेळ नोंदतात, सहीची नोंदतात. कुणीतरी समोर बसून समजावल्याची वेळ कुणी लिहीत नाही.

म्हणून खिडकीवर ‘रिपोर्ट कधी?’ एवढेच विचारू नये. तो दाखवायचा कुणाला, आणि ते कधी भेटणार, हेही त्याच दिवशी ठरवून घ्यावे. आणि जुन्या फिल्म रद्दीत देऊ नयेत. तीन वर्षांपूर्वीही तो ठिपका तेवढाच होता, हे फक्त त्याच सांगू शकतात.