एकाच तळ्यातला एक मासा किलोचा, दुसरा पावशेरचाच का?

भाईंदर : भाईंदरच्या मासळी बाजारात दोन तऱ्हेची मासळी मिळते. उत्तनच्या होड्यांनी आणलेले बोंबील समुद्रातले, तर रोहू-कटला तळ्यातले. समुद्रातला मासा आपली वीण आपणच चालवतो. तळ्यातल्या माशाचे आईबाप मात्र माणूस निवडतो. शहापूर, मुरबाडकडे शेततळ्यात बीज सोडणाऱ्या शेतकऱ्याचा नफा-तोटा बऱ्याच अंशी या निवडीवर ठरतो.

बोटुकली एकाच दिवशी सोडली, खाद्य एक, पाणी एक. तरी वर्षाने जाळं ओढलं की काही मासे किलोचे, काही पावशेरचे. दाटी, कमी पडलेलं खाद्य, पाण्यातला प्राणवायू ही कारणं असतातच. पण काही फरक जन्मतःच असतो. खाल्लेलं अंगी लागणं, रोगाला तोंड देणं हे गुण आईबापांकडून येतात आणि भावंडांतही कमी-जास्त उतरतात.

नदीचं बीज, हॅचरीचं बीज

पूर्वी रोहू-कटल्याचं बीज पावसाळ्यात नदीतून गोळा करत. त्यात असंख्य आईबापांची पिल्लं असायची. १९५७ साली ओडिशातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवली. १० जुलैचा मत्स्यशेतकरी दिन त्याचीच आठवण आहे.

त्यामुळे बीजाची टंचाई कमी झाली, पण एक धोकाही आला. रोहूची एक मादी लाखांनी अंडी देते. म्हणजे चार-दोन जोड्यांवरही हॅचरी चालू शकते. मग त्याच घरातली पिल्लं पुढे प्रजनक होतात आणि भावंडांतच वीण होत राहते. अशा बीजात वाढ मंदावते, मर वाढते, वाकड्या पाठीचे मासेही दिसू लागतात. एका टाकीत रोहू-कटल्याची एकत्र वीण केली तर संकर होऊन शुद्ध जातच हरवते.

आणखी एक चूक नकळत होते. भाताचं बियाणं ठेवताना शेतकरी टपोऱ्या लोंब्या निवडतो. तळ्यात उलटं घडतं. मोठा मासा आधी बाजारात जातो आणि मागे राहिलेल्या खुरट्या माशांवर पुढची वीण चालते. म्हणजे दर पिढीला मंद वाढीचीच निवड होते.

'जयंती'ने काय दाखवलं

भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने १९९२ मध्ये नॉर्वेच्या मदतीने हे चक्र उलटं फिरवायला घेतलं. गंगा, यमुना, गोमती, ब्रह्मपुत्रा, सतलज अशा वेगवेगळ्या नद्यांतले रोहू आणले, कुटुंबवार नोंद ठेवली आणि वेगाने वाढणारी कुटुंबं निवडली. 'जयंती रोहू' १९९७ साली, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात बाहेर आला. दर पिढीला वाढ सरासरी १७ ते १८ टक्क्यांनी सुधारली. पुढे तिथेच 'अमृत कटला'ही तयार झाला.

रोगमुक्त म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे

भाईंदर खाडीपलीकडे पालघर जिल्ह्यात खाडीकाठी कोळंबीची तळी आहेत. पांढऱ्या ठिपक्याच्या विषाणूने १९९० च्या दशकात देशभरातल्या कोळंबीशेतीचं कंबरडं मोडलं. त्यानंतर २००९ पासून परदेशी व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली. तिचं बीज 'रोगमुक्त' म्हणून विकलं जातं. याचा अर्थ ठरावीक रोग तिच्या अंगात नाहीत, एवढाच. तळ्यात विषाणू शिरला तर तीही मरते. रोगाशी झुंजणारं वाण वेगळं, ते पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवावं लागतं. शिवाय जोमाने वाढणारं वाण रोगालाही तोंड देईलच, असं नाही.

बीज घेताना काय विचारायचं?

प्रजनक कुठून आणले? किती जोड्या आहेत? शेवटचे कधी बदलले? रोहू-कटल्याची वीण वेगवेगळी होते का? प्रमाणित केंद्राकडे याची नोंद असायला हवी. बोटुकली एकसारख्या आकाराची घ्यावी. आपल्याच तळ्यातले उरलेसुरले मासे विणीला ठेवू नयेत.

चार पैसे स्वस्त बीज वर्षभर खाद्य खातं आणि शेवटी पावशेरच भरतं. तो हिशेब बीज घेतानाच करायचा असतो.