चार नावांचे नगर

हबसाणात जन्मलेला मलिक अंबर बालवयातच गुलाम म्हणून विकला गेला आणि एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात अखेर अहमदनगरच्या निजामशाहीत आला. पुढे तोच त्या राज्याचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्याने दख्खनमधील खडकी या गावी नगर वसविले व भूमिगत नहरीने तेथे पाणी खेळविले. १६२६ मध्ये तो निवर्तला. पुत्र फतेहखानाने नगरास फतेहनगर म्हटले. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली. १६५३ मध्ये मोगल सुभेदार औरंगजेबाने औरंगाबाद हे नाव दिले. १७२४ नंतर हैदराबादच्या निजामांचा अंमल बसला. १७६३ मध्ये त्यांनी राजधानी हैदराबादेस नेली. १९४८ मध्ये निजामी राज्य संपले, १९६० मध्ये नगर महाराष्ट्र राज्यात आले आणि २०२३ साली त्याचे छत्रपती संभाजीनगर झाले.

राजवटी बदलल्या, नावे पालटली. अंबराच्या नहरीने मात्र धनी न विचारता पिढ्यान्‌पिढ्या नगराची तहान भागविली. गिरमिटावर अंगठा उमटवून फिजीस गेलेल्यांच्या न्यूझीलंडवासी वंशजांस यातील मर्म सांगावयास नको. मनुष्य परभूमीस कोणत्या अवस्थेत आणला गेला, याहून त्याने तेथे काय उभे केले, हेच अखेर मागे उरते.