उघड्या बंदुकीची किंमत

टेक्सास म्हटले की कमरेला पिस्तूल लटकावलेला घोडेस्वार डोळ्यांपुढे येतो. वस्तुस्थिती अशी की, या अमेरिकन राज्याने १८७१ मध्येच पिस्तूल जवळ बाळगण्यावर कडक निर्बंध घातले होते. परवानाधारकास ते उघडपणे लावून हिंडण्याची मुभा मिळाली ती १ जानेवारी २०१६ पासून. आणि सप्टेंबर २०२१ पासून तर एकवीस वर्षांवरील बहुतेक नागरिकांना परवान्याचीही अट उरली नाही.

स्वसंरक्षणाच्या हक्काचा निवाडा न्यायालये करोत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे : शस्त्रधाऱ्याच्या निर्धास्तपणाची किंमत कोण चुकवतो? कारखान्याचा धूर जसा शेजाऱ्याच्या घरात शिरतो, तसा उघड्या शस्त्राचा धाक वाटेने जाणाऱ्यावर पडतो. त्याला बंदूक दिसते, हेतू दिसत नाही.

दुकानदारांचेच पाहा. आवारात उघडे पिस्तूल नको असल्याचा फलक लावायचा, तर तो इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, ठरावीक मजकुराचा, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत असावा, असे टेक्सासचा कायदा सांगतो. म्हणजे खटाटोप शस्त्र आणणाऱ्याने नव्हे, तर ते नको असणाऱ्याने करायचा! स्टारबक्सने २०१३ मध्ये आणि वॉलमार्टने एल पासोच्या हत्याकांडानंतर २०१९ मध्ये गिऱ्हाइकांना शस्त्रे उघडपणे न आणण्याची विनंती केली. विनंतीच, बंदी नव्हे. गिऱ्हाईक दुखावणे व्यापाऱ्याला कसे परवडावे?

पोलिसांचीही यातून सुटका नाही. ७ जुलै २०१६ रोजी डॅलस येथील मोर्चात काही जण कायदेशीरपणेच रायफली घेऊन आले होते. एका मारेकऱ्याने त्या रात्री पाच पोलिसांचे प्राण घेतले. त्या गोंधळात रायफल घेतलेल्या एका निरपराध मोर्चेकऱ्याचे छायाचित्र पोलिसांनीच संशयित म्हणून प्रसृत केले.

अर्थात कोणाच्या बंदुकीचा धाक समाज मोजतो, यालाही महत्त्व आहे. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर संघटनेचे कृष्णवर्णीय तरुण सशस्त्र गस्त घालू लागले, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात भरलेल्या बंदुका सार्वजनिक जागी बाळगण्यास मनाई करणारे विधेयक आले. त्याच्या निषेधार्थ पँथर २ मे १९६७ रोजी बंदुकांसह विधानभवनात शिरले. काही आठवड्यांतच विधेयकाचा कायदा झाला. त्यावर स्वाक्षरी करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन. राष्ट्रीय रायफल संघटनेने अध्यक्षपदाच्या उमेदवाराला प्रथमच जाहीर पाठिंबा दिला तो १९८० मध्ये, आणि तो याच रेगन यांना.