समुद्रकाठचे अनोळखी गोळे

इंग्लंड देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचा लहानसा गाव आहे. गावाजवळ समुद्राला लागून उंच कडे आहेत. हिवाळ्यात वादळे होतात, कडा ढासळतो. मग दरडीतून नाना तऱ्हेचे दगड वाळूवर येतात. कुणात शिंपल्याची आकृती, कुणात माशाचा सांगाडा. हे साधे दगड नव्हेत. फार जुन्या काळी मेलेले प्राणी चिखलात गाडले गेले. हळूहळू त्यांचा दगड झाला. अशा वस्तूला जीवाश्म म्हणतात.

त्या गावात मेरी ॲनिंग नावाची मुलगी होती. बाप सुतारकाम करी. १८१० साली तो वारला. मागे राहिले कर्ज. मेरी तेव्हा अकरा वर्षांची. ती जीवाश्म वेचून गावात येणाऱ्या पाहुण्यांना विकू लागली. पोटासाठी हो, हौस म्हणून नव्हे! पण काम जिवावरचे. १८३३ साली दरड कोसळली आणि तिचा कुत्रा तिच्या डोळ्यांदेखत मेला. ती थोडक्यात वाचली.

त्या किनाऱ्यावर राखी रंगाचे, लांबट बटाट्यासारखे गोळेही सापडत. हे काय असावे, कुणाला कळेना. बकऱ्याच्या पोटात कधी खडा सापडतो ना, त्या खड्याचे नाव लोकांनी ह्यांना दिले. नाव मिळाले, पण ओळख काही पटली नाही.

मेरीला ती कशी पटली? गोळा कुठे पडलेला असतो, हे तिने नीट पाहिले. इक्थिओसॉर हा तिथला पुरातन जलचर. दिसायला माशासारखा, पण मासा नव्हे, सरपटणाऱ्या प्राण्यांतला. त्याचे सांगाडे मेरी खणून काढी. तिला दिसले, की हे गोळे सांगाड्याच्या पोटाशीच असतात. गोळा फोडला, तर आत माशांची हाडे आणि खवले!

आता तुम्हीच सांगा, काय असेल ते? अहो, त्या प्राण्याची विष्ठाच ती, दगड झालेली. १८२९ साली विल्यम बकलंड या विद्वानांनी ही गोष्ट जगापुढे मांडली. विष्ठेवर लिहायला त्यांना लाज वाटली नाही, हे आम्हाला फार आवडले. प्राणी केवढा होता ते सांगाडा सांगतो. तो काय खात होता, ते मात्र असा गोळा सांगतो. मेरीला लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळात जागा नव्हती. बायकांना तिथे सभासद व्हायला १९१९ साल उजाडावे लागले. मेरी तर १८४७ सालीच गेली.

असे गोळे आपल्याकडेही आहेत, बरं का. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा गाव आहे. तिथे दगड झालेली विष्ठा सापडते, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. ती डायनोसॉर नावाच्या प्रचंड प्राण्यांची, असे जाणकार मानतात. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि २००५ साली सांगितले, की हिच्यात गवताचे अंश आहेत. तोवर शास्त्रज्ञांची समजूत होती, की डायनोसॉरच्या तोंडी गवत कधी लागलेच नाही.