निफाडची थंडी हायसिंथला पुरत नाही

निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या सुरू झाल्या की ऑनलाइन दुकानांत हायसिंथचे कंद दिसू लागतात. काचेच्या भांड्यावर टेकवलेला कंद, खाली पाण्यात पांढरी मुळं, वर निळ्या फुलांचा भरगच्च तुरा. असं फूल घरात हवं, असं कुणालाही वाटेल. पण महाराष्ट्रातल्या फ्लॅटसाठी माझं मत ठाम आहे: हायसिंथ राहू द्या, नर्गिस लावा.

हायसिंथच्या कंदात फुलाची कळी आधीच तयार असते. तिचा दांडा नीट वाढावा यासाठी मात्र कंदाला साधारण १० ते १२ आठवडे, ५ ते ९ अंश सेल्सिअसची सलग थंडी लागते. आपल्याकडे पहाटे पारा उतरतो आणि दुपारी पुन्हा पंचविशी ओलांडतो. अशा तुटक थंडीने भागत नाही. फूल मग पानांच्या बेचक्यातच बुटकं उमलतं. फ्रिजमध्ये थंडी देता येते, पण शेजारी सफरचंद किंवा केळी नकोत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी खराब होते. शिवाय हे कंद कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात. भाजीच्या कप्प्यात ते ठेवायला मी तरी सांगणार नाही.

'पेपरव्हाइट' नावाने मिळणारा पांढरा नर्गिस मूळचा भूमध्य समुद्राकाठचा. तिथे तो शरदातल्या पावसाने फुटतो आणि सौम्य हिवाळ्यात फुलतो, म्हणून त्याला गारठ्याची अट नाही. चीनमध्ये त्याच कुळातला नर्गिस नववर्षाच्या सुमारास घरोघरी उथळ पात्रात, नुसत्या पाण्यावर फुलवतात. फूच्यान प्रांतातलं च्यांगचौ या कंदांसाठी प्रसिद्ध आहे.

कृती सोपी आहे. पसरट भांड्यात खडे भरा, त्यात कंद टोक वर ठेवून घट्ट बसवा. पाणी कंदाच्या बुडाला जेमतेम टेकेल इतकंच ठेवा. कंद बुडाला तर सडतो. कोंब फुटले की भांडं भरपूर उजेडाच्या, पण गार खिडकीत न्या. ४ ते ६ आठवड्यांत फुलं येतात.

अडचण एकच. घरातल्या उबेत दांडे भराभर वाढतात आणि फुलांच्या भाराने लोळतात. यावरचा सर्वांत सुंदर उपाय अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे कंदफुलांचे अभ्यासक विल्यम मिलर यांनी शोधला. त्यांनी नर्गिसला ४ ते ६ टक्के अल्कोहोल असलेलं पाणी दिलं. दांडे एक तृतीयांश ते निम्म्याने आखूड राहिले, फुलं मात्र तितकीच मोठी आली आणि तितकीच टिकली. अल्कोहोलमुळे झाडाला पाणी शोषणं किंचित जड जातं, त्यामुळे दांडा ताणला जात नाही, असं त्याचं स्पष्टीकरण. आपल्याकडच्या व्होडका-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. तिचा एक भाग आणि पाण्याचे सात भाग, हे प्रमाण बरोबर बसतं. आधी साध्या पाण्यात मुळं धरू द्या, कोंब दीड-दोन इंचांचा झाला की पाणी बदला. बिअर आणि वाइन वापरू नका, त्यांतली साखर घातक ठरते. अल्कोहोल १० टक्क्यांवर गेलं तर झाडाला इजा होते.

पेपरव्हाइटचा वास युरोप-अमेरिकेत अनेकांना उग्र वाटतो. त्यातलं इंडोल हे द्रव्य मोगऱ्याच्या कुळातल्या फुलांतही असतं. गजऱ्याच्या वासात वाढलेल्या नाकांना तो आवडेल, याची मला खात्री आहे.

पाण्यावर फुललेला कंद थकतो, पुढच्या वर्षी सहसा फुलत नाही. म्हणजे दर हिवाळ्यात नवी खरेदी आली, आणि म्हणूनच विक्रेत्यांची जबाबदारी वाढते. कंदाला थंडी लागते का, लागत असल्यास ती आधीच दिलेली आहे का, आणि तो विषारी आहे, या तीन गोष्टी पाकिटावर मराठीत छापायलाच हव्यात. तोवर हे प्रश्न आपण दुकानदाराला विचारावेत, आणि उत्तर मिळालं नाही तर कंद घेऊ नये.